तिन्ही शिफ्ट करणार ना?

नर्सच्या मुलाखतीत इंजेक्शनचे डोस, क्रॅश ट्रॉली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हे सगळं पटकन उरकतं. शिफ्टचा प्रश्न शेवटी येतो आणि बहुतेक मुली त्याला एका शब्दात उत्तर देतात, "हो." नोकरी हातची जाईल या भीतीने दिलेला तो होकार असतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांत रजा, भांडणं आणि राजीनामा. मी माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींचं असं झालेलं पाहिलं होतं. म्हणून कळंबोलीतल्या एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेले, ती शिफ्टबद्दल नीट बोलायचं हे पक्कं करूनच.

आमच्या घरचं गणित असं. माझे मिस्टर तळोजा एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहेत. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्ड म्हणजे रात्रपाळी. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. सासूबाई दिवसभर तिला आनंदाने सांभाळायच्या, पण रात्री तिला ताप भरला तर घेऊन धावणं त्यांच्याने होणारं नव्हतं. सासरे इथल्या लोखंड बाजारात माथाडी होते. आयुष्यभर लोखंड उचलून त्यांची कंबर गेलेली. म्हणजे रात्री आम्हा दोघांपैकी एक जण घरात हवाच.

त्याआधी मी वाशीला होते. मानसरोवर स्टेशनवरून लोकलने जा-ये. लोकांना वाटतं नर्सला नाइटचा त्रास. प्रवासापुरतं बोलायचं तर मला इव्हिनिंगचा त्रास जास्त होता. नाइटला आपण संध्याकाळच्या गर्दीत जातो आणि सकाळी उजेडात परततो. इव्हिनिंग कागदावर आठला संपते. रिलीव्हर येणार, तिला बेड टू बेड हँडओव्हर द्यायचा, नार्कोटिक्सचं कपाट मोजून द्यायचं, मग कपडे बदलून स्टेशन गाठायचं. मानसरोवरला उतरल्यावर हायवे ओलांडून कळंबोलीच्या सेक्टरात यायला रिक्षा मिळेपर्यंत जीव टांगणीला. मुलाखतीत मात्र प्रत्येक जण विचारतो ते नाइटचंच.

वाशी सोडल्यावर मी आधी आणखी एका ठिकाणी मुलाखत दिली होती. तिथे शिफ्टच्या आडून मला विचारलं गेलं, "दुसऱ्याचा विचार आहे का?" मी म्हटलं, "सर, ड्युटीचं विचारा. घरचं मी बघते." तिथून फोन आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. ती द्यावी लागेल म्हणून बाईच्या पोटात डोकावणाऱ्या माणसाच्या हाताखाली मला काम करायचं नव्हतं.

कळंबोलीच्या मुलाखतीला दोघं होते, मेट्रन मॅडम आणि एचआरचे एक तरुण साहेब. साहेबांनी फॉर्मवरचा पत्ता वाचला आणि खूश झाले. "अरे वा, कळंबोलीतच राहता! म्हणजे इमर्जन्सीला कधीही बोलावता येईल." घर जवळ असणं नर्सला असंच महागात पडतं. बदलापूरहून येणारी मुलगी लोकल बंद म्हणून आली नाही की फोन जवळ राहणारीला. मी म्हटलं, "साहेब, मोठा अपघात झाला, पेशंट एकदम आले, तर नक्की येईन. पण रोजच्या लिस्टमधली रिकामी जागा भरायला मला धरू नका."

मेट्रन मॅडमनी विचारलं, "सिस्टर, तिन्ही शिफ्ट करणार ना?"

"करीन मॅडम. मिस्टरांची ज्या आठवड्यात थर्ड असेल, त्या आठवड्यात माझी नाइट नको. बाकी कुठल्याही आठवड्यात द्या. दिवाळीतसुद्धा द्या."

"म्हणजे कंडिशन आली," साहेब म्हणाले.

मी पर्समधून कागद काढला. मिस्टरांचं पुढच्या तीन महिन्यांचं रोटेशन त्यावर लिहून आणलं होतं. मॅडमनी तो हातात घेतला आणि चष्मा लावून वाचला. ड्युटी लिस्ट करणाऱ्या बाईलाच कळतं की "जमेल तसं करीन" म्हणणाऱ्या मुलीपेक्षा "या तारखा नको, उरलेल्या सगळ्या घ्या" म्हणणारी किती कामाची असते. त्यांचीही अडचण खरी होती. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे कळंबोलीतून सुरू होतो, सायन-पनवेल हायवे इथेच येऊन मिळतो, मुंब्र्याकडचा आणि जेएनपीटी बंदराकडचा ट्रक-ट्रेलर सगळा कळंबोली सर्कलवरून जातो. इथल्या कॅज्युअल्टीला रात्र नसतेच. डोक्याला मार लागलेला पेशंट पहाटे तीनला आला तर त्याच्याजवळ हात बसलेली नर्सच हवी.

मग मी म्हटलं, "मॅडम, या महिन्याची ड्युटी लिस्ट बघायला मिळेल का?"

साहेब चमकले. मॅडमनी मात्र शेजारच्या नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवरची लिस्ट मला दाखवली. ज्यांनी वॉर्डात काम केलंय त्यांना त्या चौकटी वाचता येतात. एम म्हणजे मॉर्निंग, ई इव्हिनिंग, एन नाइट, ओ ऑफ. सलग किती एन आहेत, त्यानंतर ओ एकच आहे की दोन, लाल पेनाने किती ठिकाणी डीडी, म्हणजे डबल ड्युटी, लिहिलंय, पांढरी शाई लावून कुणाचा ऑफ खोडलाय. तोंडी दिलेली सगळी उत्तरं या एका कागदाशी ताडून बघता येतात. तिथे नाइट सलग सहा होत्या आणि मागे दोन ऑफ. डीडी होते, पण ठरावीक कुणा एकीच्या नावावर नव्हते. मी डबल ड्युटीचे पैसे मिळतात की बदली सुट्टी, तेही विचारलं. रात्री आयसीयूत किती जणी असतात विचारलं, कारण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स हवी आणि बारा तासांच्या रात्री ती कमतरता पेशंटच्या अंगावर येते.

शेवटचं विचारलं ते चेंजिंग रूमचं. कुठे आहे, आतून कडी लागते का, रात्री त्या मजल्यावर वॉचमन असतो का. साहेबांना तो प्रश्न क्षुल्लक वाटला असावा. मॅडमना वाटला नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर कसा अत्याचार झाला, हे आमच्या व्यवसायातल्या कुणाला सांगावं लागत नाही. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोपर्यंत तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं.

नोकरी मिळाली. नेमणूकपत्रात मात्र शिफ्टपुढे "रोटेशनल" एवढाच शब्द होता. सासऱ्यांना तो कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, "आमच्या टोळीचं काम माथाडी बोर्डात नोंदलेलं असायचं, म्हणून मुकादमाशी भांडता यायचं. तू हे लिहून घे." मी मेट्रन मॅडमना अर्ज दिला, मिस्टरांच्या थर्डचा आठवडा सोडून नाइट द्यावी असा. त्यांनी "मान्य" लिहून सही केली. त्याची झेरॉक्स माझ्या फाइलला आहे. एक-दोनदा लिस्ट चुकली तेव्हा ती दाखवली आणि आवाज न चढवता बदल झाला.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की खासगी रुग्णालयातल्या नर्सना कामाचे तास, रजा, जाण्या-येण्याची सोय सरकारी नर्सच्या बरोबरीने मिळावी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी पगार वीस हजारांच्या खाली नसावा. आमच्या भागात त्याहून कितीतरी कमी पगारावर नाइट करणाऱ्या मुली आजही आहेत. त्यांच्याकडून मुलाखतीत "तिन्ही शिफ्ट" कबूल करून घेतल्या जातात आणि त्या बदल्यात काय मिळणार ते सांगितलं जात नाही.

मुलाखत घेणाऱ्या सगळ्या मेट्रन मॅडमना माझी विनंती आहे. शिफ्टचा प्रश्न विचारण्याआधी तुमच्या वॉर्डाची मागच्या महिन्याची ड्युटी लिस्ट मुलीसमोर ठेवा, आणि जे ठरेल ते नेमणूकपत्रात लिहा.