मोत्याचे पाणी

हिऱ्याला पैलू, सोन्याला कस आणि मोत्याला पाणी! बालमित्रांनो, हे पाणी म्हणजे मोत्याच्या आतून आल्यासारखी वाटणारी चमक. मोती नवा घ्यायचा असो वा जुना तपासायचा असो, आधी त्याचे पाणी पाहावे.

ते दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली पाहू नये. तेथे कोणताही मोती सुंदर दिसतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पांढऱ्या कापडावर मोती ठेवावा. त्यात खिडकीचे प्रतिबिंब रेखीव दिसले तर पाणी चांगले. नुसता पांढुरका ठिपका दिसला तर पाणी कमी. मग आकार, ओरखडे, रंग आणि शेवटी भोक पाहावे. भोकाच्या कडेला रंगाचे पोपडे सुटले असतील तर मोती नकली. खरा मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला की किंचित खरखरीत लागतो. (दुकानात हा प्रयोग विचारल्याशिवाय करू नका!)

येथील बाजारात जे स्वस्त मोती दिसतात त्यांतले पुष्कळसे चीनमधल्या तळ्यांतले, म्हणजे गोड्या पाण्यातले असतात. जिवंत शिंपल्यात दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचे बारीक तुकडे ठेवतात. प्रत्येक तुकड्याभोवती शिंपला थरावर थर चढवतो. एका शिंपल्यात एकाच वेळी वीस-तीस मोतीही होतात, म्हणून ते स्वस्त. पण स्वस्त म्हणजे खोटे नव्हे. समुद्रातल्या लागवडीच्या मोत्यात बहुधा आत कवचाचा गोल मणी असतो आणि वर मोत्याचा थर. गोड्या पाण्यातला मोती बहुधा आतबाहेर मोतीच असतो.

ही माहिती आमच्या घरी एका नथीच्या वेळी कामी आली. सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंची बसरा मोत्यांची नथ आमच्या लेकीसाठी पाठवली. बसरा हे बंदराचे नाव. मोती मात्र आपल्या या आखातातले, बहारीन, अबू धाबी, दुबईच्या समुद्रातले. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जात. त्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात जात, तेथे निवडले आणि विंधले जात. १८९३ साली जपानच्या मिकिमोतो यांनी मोत्यांची लागवड साधली. पुढे १९२९ ची जागतिक मंदी आली आणि आखातातला हा धंदा बसला.

नथीचे सातही मोती निस्तेज दिसत होते. एक दुकानदार म्हणाला, "हे मेलेले मोती. सगळे काढून नवे घाला." आम्ही नथ घरी आणली आणि मऊ ओलसर कापडाने मोती एकेक करून पुसले. पाच उजळले, त्यांच्यावर नुसता मळ होता. ओठांजवळ येणारे दोन मात्र खडूसारखेच राहिले. त्यांच्या भोकाशी थर उकलला होता.

असे का होते? मोती दगड नव्हे. शिंपल्याने चुन्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे रचलेले असतात आणि त्यांना जोडणारा जैविक पदार्थ व थोडा ओलावाही मोत्यात असतो. घाम, लिंबू, व्हिनेगर, सेंट यांनी चुना झिजतो. फार कोरड्या हवेत ओलावा जातो आणि तडे पडतात. एकदा थर गेला की पॉलिश करून तो परत येत नाही. नाहीतर मोती चिवट! अबू धाबीच्या मरावाह बेटावर उत्खननात सापडलेला एक मोती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे, असे २०१९ साली जाहीर झाले.

शेवटी ते दोनच मोती बदलले आणि त्यांच्या जागी गोड्या पाण्यातले घातले. लेकीचे नाक टोचलेले नाही, म्हणून चापही बसवून घेतला. ती हिरमुसून म्हणाली, "आई, मग आता ही पणजीची नथ नाही ना राहिली?" मला उत्तर सुचेना. तिने आजीलाच फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिची तार माझ्या देखत दोनदा बदलली आहे. नथ नाकात घालायची असते, बाळ. कपाटात ठेवून तिचं काय लोणचं घालायचंय?"

आपण येथे एसीच्या कोरड्या हवेत राहतो, त्यामुळे मोत्यांना जास्त जपावे लागते. सेंट, पावडर झाल्यावर सगळ्यांत शेवटी मोती घालावेत आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढावेत. पुसून मलमलीच्या कापडात ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत नको. रोजच्या वापरातली माळ वर्षा-दोन वर्षांनी रेशमात पुन्हा गाठवून घ्यावी, दोन मोत्यांमध्ये गाठ हवीच. लॉकरमध्ये मोती असतील तर मधूनमधून बाहेर काढून वापरावेत.

या गणपतीत घरातले मोती खिडकीपाशी नेऊन पाहा आणि ते कोणाकडून आले, हे आईला किंवा आजीला जरूर विचारा.