खाडीच्या अलीकडचे मानखुर्द

पनवेलकडे जाणारी लोकल मानखुर्द सोडते, आणि थोड्याच वेळात दोन्ही अंगांना खारफुटी दिसू लागते. मग ठाणे खाडीवरचा लांब पूल, आणि पलीकडे थेट वाशी. मे १९९२ पर्यंत मानखुर्द हेच हार्बर मार्गाच्या या फाट्याचे अखेरचे स्थानक होते.

खाडीपार रूळ नेण्याचा खर्च एकट्या रेल्वेने केला नाही. मानखुर्द ते बेलापूर या मार्गाचा ६७ टक्के भार सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोचे भांडवल म्हणजे नव्या शहराची जमीन. रेल्वे आली की जमिनीला भाव येतो आणि त्या भावातून रेल्वेचे पैसे निघतात. व्यापारी घरांना हा हिशेब उलगडून सांगण्याची गरज नाही. ती जमीन आगरी-कोळी गावांची होती, ही नोंद मात्र त्याच वहीत हवी. शिवाय प्रवाशाच्या तिकिटावर अनेक वर्षे अधिभार राहिला, तोही मुकाट भरला गेला.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना दुसरी रीत ठाऊक आहे. तेथे ४ नोव्हेंबर २००८ रोजी रेल्वेसाठी ९.९५ अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढावेत की नाही, हे थेट मतदारांना विचारले गेले. मतदारांना मिळालेल्या सरकारी पुस्तिकेत बाजूचे व विरुद्धचे म्हणणे तर होतेच, पण तीस वर्षांत व्याजासह सुमारे १९.४ अब्ज डॉलर फेडावे लागतील, हेही छापले होते. मुद्दल जवळजवळ दुप्पट होणार हे वाचूनही सुमारे ५३ टक्क्यांनी होकार दिला. एवढे करूनही सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही वेगवान गाडी अद्याप धावलेली नाही. विचारून घेतलेले कर्जही रखडते. तरी देणाऱ्याला आकडा आधी कळला होता.

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये ही तुलना जड होते. जागतिक बँकेच्या कर्जातून २००२ साली मुंबई नागरी परिवहन प्रकल्प सुरू झाला. नव्या रुळांसाठी व रस्त्यांसाठी ज्यांची घरे हटली, त्यांपैकी अनेक कुटुंबे या इमारतींत आली. प्रत्येकी २२५ चौरस फुटांचे पक्के घर मिळाले, ते रुळांकाठच्या झोपडीपेक्षा निःसंशय सुरक्षित. पण कामाची जागा, शाळा, ओळखीचे गिऱ्हाईक मागे राहिले. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की उजेडालाही वाट शोधावी लागते. रेल्वेचा खर्च या लोकांनी पैशात नव्हे, पत्त्यात चुकवला.

जवळच मंडाळे येथे मेट्रो २ब मार्गिकेचे आगार उभारले आहे. अंधेरीच्या डी. एन. नगरपासून येणाऱ्या या मार्गिकेचे ते शेवटचे टोक. हा मार्गही कर्ज काढूनच बांधला जात आहे, आणि त्याच्या व्याजाचा आकडा लल्लूभाई कंपाउंडमधल्या कोणाच्या घरी टपालाने आलेला नाही.