उशापाशी

एमडीच्या प्रवेशासाठी चॉईस फिलिंगची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याने वहीच्या पानावर हिशेब मांडला. माझं वय ३९. एमडीची तीन वर्षं, म्हणजे ४२. सरकारी जागा मिळाली तर बाँडचं एक वर्ष, म्हणजे ४३. सुपरस्पेशालिटीकडे वळले तर आणखी तीन. पानाच्या तळाशी त्याने मुलीचं वय लिहिलं होतं: आज १३, बाँड संपेल तेव्हा १७. मला अडवायला त्याने हे लिहिलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या नाइट ड्युट्या आणि परीक्षा सांभाळून त्याने घर चालवलं आहे. हिशेब मागायचा हक्क त्याला आहेच.

डॉक्टर होण्याआधी मी दहा वर्षं नर्स होते. जीएनएम करून जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात लागले आणि पुरुषांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. तिथे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण यायचे. तंबाखू, गुटखा, मग गालातली न भरणारी जखम, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर जबडा निम्मा खाल्लेला. रात्री दोनला असा एक शेतकरी माझी वाट बघत जागा असायचा. बोलता येत नव्हतं, म्हणून तो मनगटावर बोट टेकवून दाखवायचा: किती वाजले, इंजेक्शन कधी? केसपेपरवर सहा तासांचा हुकूम होता आणि त्याचं दुखणं तिसऱ्या तासालाच परत यायचं. मी कॉलवरच्या डॉक्टरांना फोन करायची, तेही बिचारे दिवसभर राबलेले, म्हणायचे, "सिस्टर, सकाळी राउंडला बघू." मॉर्फीन आमच्याकडे नव्हतंच. उरलेले तीन तास मी त्याच्या उशापाशी स्टूल ओढून बसायची. बसण्याने दुखणं थांबत नाही, हे तेव्हाच कळलं होतं. हुकूम लिहिणाऱ्या हातात आपला हात असावा, ही इच्छा माझ्या मनात त्या स्टुलावर आली.

बारावीला जीवशास्त्र होतं, पण वय आडवं येत होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० वर्षांपर्यंतच वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देता यायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५च्या वरच्यांनाही, अंतिम निकालाच्या अधीन राहून, अर्ज भरू दिले. त्या एका आदेशाने मी आत आले. वयाची अट पुरती गेली ती २०२२ मध्ये. तोवर मी निम्मं एमबीबीएस शिकून झाले होते.

वर्गातली मुलं मला ताई म्हणायची. माझ्याहून लहान प्राध्यापक कधी घाईत "सिस्टर" म्हणून जायचे, मग ओशाळायचे. मला त्या हाकेचं वाईट कधीच वाटलं नाही. पण इंटर्नशिप संपत आली तशी एक गोष्ट लक्षात आली. तेवीस वर्षांच्या मुलाला सगळे विचारत होते, "तुला काय आवडतं?" मला सगळे विचारत होते, "तुम्हाला काय झेपेल?"

सल्ले सगळ्यांनी मायेने दिले. बॅचमधली मुलं म्हणाली, ताई, डर्मा किंवा रेडिओलॉजी मिळाली तर बघा, रात्रीचे कॉल नाहीत. माझ्या रँकला त्या दोन्ही शाखा मिळणं अवघड होतं. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं: आता डॉक्टर झालीस ना, मग गावात दवाखाना टाक, माणसं येतील. त्यात चूक काहीच नाही. आपल्या तालुक्यांना विश्वासाचा एमबीबीएस डॉक्टर हवाच आहे. एका सरांनी पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, सुचवलं, एकांनी पॅथॉलॉजी. मेडिसिन मला मनापासून आवडायचं. सर्जरीही आवडली होती. टाके घालताना माझा हात थरथरत नाही. पण प्रत्येक शाखेपाशी मी तो वहीतला हिशेब घेऊन जात होते आणि किती वर्षं उरली एवढंच मोजत होते. मागची दहा वर्षं त्या हिशेबात कुठे धरलीच नव्हती. जणू ती वाया गेली होती आणि मी ३३व्या वर्षी कोरी पाटी घेऊन कॉलेजात आले होते.

हा घोळ सुटला तो इंटर्नशिपमधल्या भूलशास्त्राच्या पंधरा दिवसांच्या पोस्टिंगमध्ये. साठीच्या एक मावशी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. कमरेत इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. मॅडमनी मला त्यांचे खांदे धरून समोर उभं राहायला सांगितलं. टेबलावर बसवून, पाय खाली सोडून, हनुवटी छातीला लावून पाठ गोल करायची असते, म्हणजे मणक्यांमधली जागा उघडते. मावशींनी माझा गाऊन मुठीत धरला. मी त्यांच्या कानाशी हळूहळू बोलत राहिले: आता गार लागेल, आता मुंगी चावल्यासारखं होईल, आता हलायचं नाही. मॅडमनी सुई आत घातली, आतली तार काढली, आणि सुईच्या मागच्या तोंडाशी पाण्यासारखा स्वच्छ एक थेंब आला. तो आला म्हणजे सुई नेमक्या जागी पोचली. दोन मिनिटांत मावशी म्हणाल्या, "पाय जड झाले गं बाई." त्यांची मूठ सुटली, तरी मी तिथेच उभी राहिले. सर्जन पोटापाशी, इन्स्ट्रुमेंट देणारी सिस्टर त्यांच्या समोर, आणि भूलतज्ज्ञ उशापाशी. ती जागा माझ्या ओळखीची होती.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पेशंटला सकाळी मी विचारलं, "मावशी, चहा किती वाजता घेतला?" घेतला का, असं मी विचारलं नाही. नर्सिंगमध्ये शिकलेली ही गोष्ट आहे; "घेतला का" विचारलं की माणूस "नाही" म्हणतो. त्या म्हणाल्या, "घोटभरच, सातला." दुधाचा चहा भुलेच्या दृष्टीने हलकं जेवणच, त्यानंतर सहा तास थांबावं लागतं, नाही तर भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ऑपरेशन दुपारवर गेलं. मिश्री लावत असल्याचंही त्यांनी मलाच सांगितलं, आदल्या दिवशी तपासणीत त्या नाही म्हणाल्या होत्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पुस्तकातून येत नाही."

घरी येऊन मी सिसिली सॉन्डर्सबद्दल पुन्हा वाचलं. नर्सिंगच्या दिवसांत तिचं नुसतं नाव ऐकलं होतं. लंडनची ही बाई आधी नर्स होती, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग ती रुग्णालयात समाजसेविका झाली. मरणाऱ्यांच्या वेदनांवर काम करायचं तिच्या मनात होतं. एका सर्जनने तिला सांगितलं की त्यासाठी आधी डॉक्टर हो, कारण मरणाऱ्याला सोडून जातात ते डॉक्टरच. तेहेतिसाव्या वर्षी ती वैद्यकीय शिक्षणाला बसली, १९५७ मध्ये डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये तिने मरणाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. दुखणं परत येण्याची वाट न बघता घड्याळ लावून मॉर्फीन द्यायचं, हा तिचा आग्रह होता. मला माझा तो शेतकरी आठवला, मनगटावर बोट टेकवणारा. त्याला जे हवं होतं ते कुणीतरी कधीच शोधून ठेवलेलं होतं. ते त्याच्या खाटेपर्यंत आलं नाही एवढंच.

का आलं नाही, यालाही कारणं आहेत. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फीन ठेवणं इतक्या परवान्यांचं काम झालं की बहुतेक रुग्णालयांनी नाद सोडला. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. त्याआधीही काही ठिकाणी हे काम होत होतं. आपल्याकडे वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून आहे. केरळमध्ये कालिकतला १९९३ मध्ये वेदनाशमनाचं काम उभं करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल मुळात भूलशास्त्राचेच प्राध्यापक. हे वाचल्यावर मला शाखा निवडायची उरली नाही, ती समोर दिसत होती. भूलशास्त्र आधी, आणि त्यातून पुढे पेन आणि पॅलिएटिव्ह.

एकोणिसाव्या शतकातल्या डॉ. रखमाबाईंचाही विचार त्या दिवसांत सारखा यायचा. कोर्टकचेऱ्यांत उमेदीची वर्षं गेल्यावर त्या लंडनला शिकल्या आणि १८९४ मध्ये, तिशीला टेकताना, डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. त्या काळच्या स्त्री डॉक्टरला शाखा कुणी विचारतच नसे. बायका आणि मुलं, हेच तिचं ठरलेलं. माझ्यासमोर निवडायला अख्खी यादी होती. ती भीतीपोटी भरणं मला शोभलं नसतं.

या शाखेच्या अडचणी मला माहीत आहेत. तासन्‌तास उभं राहायचं आहे आणि माझे गुडघे आताच बोलतात. सिझेरियन रात्री दोनला येतं, तेव्हा भूलतज्ज्ञही रात्री दोनलाच लागतो. बरा झालेला पेशंट सर्जनचं नाव घेऊन घरी जातो, भूल कुणी दिली हे त्याला ठाऊक नसतं. यातलं शेवटचं मला दहा वर्षं सवयीचं आहे. पहिल्या दोन्हींबद्दल नवऱ्याशी बोलले. त्याने वहीचं ते पान परत उघडलं, मुलीच्या वयाच्या वर एक ओळ लिहिली: नर्सिंग, १० वर्षं. मग म्हणाला, भर आता.

पहिल्या क्रमांकावर भूलशास्त्र लिहून मी यादी लॉक केली. दुसऱ्या फेरीत जागा मिळाली. सोमवारी सकाळी रुजू व्हायचं आहे.

तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आदल्या दिवशी भूल देणारा डॉक्टर तुम्हाला भेटायला येईल. त्याच्याशी नीट बोला. हलणारा दात, तंबाखू, मिश्री, चालू असलेल्या गोळ्या, सगळं त्याला खरं सांगा. आणि ऑपरेशनच्या दिवशी, सकाळचा घोटभर चहासुद्धा.