भात खाते, भाजी नाही

खेळणी गोळा करायची सूचना पालकांच्या ग्रुपवर गेली की सुरुवातीला जे येतं ते मुलांनी दिलेलं नसतं, आईबाबांनी काढलेलं असतं. दिवाळीची आवराआवर तोंडावर आलेली असते, माळा उपसायचाच असतो, त्यात शाळेनंच मागितलंय म्हटल्यावर पिशव्या भरभरून येतात. वर मऊ अस्वलं, त्याखाली वाढदिवसाला आलेल्या आणि वेष्टणही न काढलेल्या वस्तू, आणि तळाशी आमच्या मावशी ज्याला 'चुरा' म्हणतात तो माल: गाडीचं एक दार, हेलिकॉप्टरचं पातं, कुठल्याशा राक्षसाचा हात. एकदा एका पिशवीतून आमटीचा डाव निघाला. तो मावशींनी फोन करून परत पाठवला.

मी पुण्यात कर्वेनगरच्या बाजूच्या एका शाळेत बालवाडीच्या मोठ्या गटाची ताई आहे. मोठा गट म्हणजे पाच-साडेपाच वर्षांची मुलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे हा उपक्रम असतो. 2009 साली देशभरात 'जॉय ऑफ गिव्हिंग वीक' सुरू झाला, पुढे त्याचं नाव 'दानउत्सव' झालं. गांधी जयंतीपासून 8 ऑक्टोबरपर्यंत शाळा, कंपन्या, सोसायट्या आपापल्या परीनं काहीतरी करतात. आमच्या वाट्याला खेळणी आली. ती जातात बांधकामाच्या साइटवर चालणाऱ्या एका पाळणाघरात.

निवडायचं काम मावशी आणि मी शाळा सुटल्यावर वर्गातल्या सतरंजीवर बसून करतो. मावशींची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. वाजणारं खेळणं हातात आलं की त्या आधी ते उलटं करून सेलचं झाकण उघडतात. सेल आतच राहिलेले असले तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड धरलेली असते. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं ती निघते आणि बरीचशी मुकी खेळणी पुन्हा बोलायला लागतात. बटणासारखा चपटा सेल आणि झाकणाला स्क्रू नाही, असं खेळणं मात्र सरळ बाद. तो सेल लहान मुलानं गिळला आणि घशात अडकला तर आतून भाजतं, त्यात तडजोड नाही. जिगसॉ पझल लावूनच बघावं लागतं. तुकडे मोजून भागत नाही, कारण घरी दोन पझलची सरमिसळ झालेली असते आणि हत्तीच्या पाठीवर आगगाडीचा डबा बसत नाही हे शेवटच्या तुकड्याला कळतं. रंगाचे पोपडे निघालेले लाकडी प्राणी बाजूला. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे, पण माळ्यावरून खाली येणारी बरीच खेळणी त्याच्या आधीची असतात. त्यांच्या रंगात काय मिसळलंय कोण सांगणार?

बाद झालेल्यांचं काय करायचं हा वेगळाच ताप. भंगारवाला तोंड वाकडं करतो. एकाच गाडीत दोन-तीन जातींचं प्लास्टिक, रबर, वायर आणि स्क्रू, ते सोडवत कोण बसणार? 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तूही गोळा करते, त्यांच्याकडे थोडं जातं. मोटारी आणि चाकं तेवढी काढून आम्ही वरच्या वर्गांना देतो. अरविंद गुप्ता पुण्यातच, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, 2003 ते 2014 या काळात टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत होते. ती बघितलेल्या आमच्या विज्ञानाच्या ताईंना तुटकी गाडी कधी तुटकी वाटतच नाही. त्यांचं कपाट उघडायची मात्र कुणाची हिंमत होत नाही.

हे झालं मोठ्यांचं. मुलांचं द्यायला लागणं वेगळं असतं आणि ते व्हावं म्हणून आम्ही दोन अटी घातल्या. खेळणं मुलानं स्वतः निवडायचं आणि स्वतःच्या हातानं वर्गात आणायचं, आईनं गेटवर पिशवी द्यायची नाही. आणि आयत्या वेळी त्यानं 'नको' म्हटलं तर विषय संपला.

ही दुसरी अट पालकांना जड जाते. मुलगा ट्रक घेऊन येतो, गोलात बसून सगळ्यांना दाखवतो, त्याचा मागचा हौदा कसा उचलतो तेही दाखवतो, आणि पेटीत ठेवायची वेळ आली की ट्रक मांडीखाली जातो. दारात थांबलेल्या बाबांचा चेहरा पडतो. "अरे, घरी काय ठरलं होतं आपलं?" मी त्यांना खुणेनं थांबवते. ट्रक परत घरी गेला तर माझ्या मते काही बिघडत नाही. रडवून सोडवून घेतलेलं खेळणं म्हणजे वसुली. छोट्या गटाकडे तर आम्ही काही मागतच नाही. तीन वर्षांच्या मुलाला नुकतं कुठे 'माझं' म्हणता यायला लागलेलं असतं, ते त्याला मनसोक्त म्हणू द्यावं.

पाचव्या वर्षी प्रश्न सुरू होतात. "त्यांच्याकडे खेळणी का नाहीत?" हा प्रश्न मोठ्यांना अपेक्षित असतो, पण त्याच्या आधी येतो तो "ते मला काय देणार?" मला तो रास्तच वाटतो. लग्नात आहेर करताना आपणही मनातल्या मनात तोच हिशेब करत असतो. "परत कधी आणायचं?" हाही नेहमीचा. एका मुलानं त्याचं विमान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत उसनं दिलं. मी विमानाला तशी चिठ्ठी बांधली. सुट्टी आली नि गेली, त्याला आठवणही झाली नाही. पाळणाघराच्या ताईंनीच मला विचारलं, "ते विमान न्यायचं होतं ना?"

चिठ्ठ्यांची पद्धत पडली ती एका मुलीमुळे. तिनं कापडी बाहुली आणली होती, बरीच वापरलेली, एका डोळ्याचा दोरा सुटलेला. पेटीपाशी येऊन ती थांबली आणि मला म्हणाली, "ताई, लिही." मी कागद घेतला. "तिला केस विंचरलेले आवडत नाहीत. रात्री भिंतीकडून झोपवायचं, नाहीतर ती पडते. उजवा पाय मी चावला होता, तो आईनं शिवलाय, तिकडून उचलायचं नाही. ती भात खाते, भाजी नाही." शाळा सुटल्यावर ही मुलगी पाळणाघरात जाते. तिथं सोडताना तिची आई ज्या सुरात सांगते, तोच सूर. मग तिनं मला सगळं वाचून दाखवायला लावलं, 'विंचरलेले'पाशी बोट ठेवून "इथे नाही लिही मोठं" म्हणाली आणि बाहुली पेटीत ठेवली. त्यानंतर माझ्यासमोर रांगच लागली. लाल गाडीला भिंतीवर आपटायचं नाही. ढोल दुपारी वाजवायचा नाही, आजोबा झोपलेले असतात. कुणाचे आजोबा, हे मी विचारलं नाही, लिहून दिलं.

खरा पेच पडतो तो मूल महागातलं काही द्यायला निघालं की. एका मुलीनं पितळी भातुकली आणली. तुळशीबागेतून आजीनं घेतलेली, चूल, बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा, जातं, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात नीट भरलेलं. संध्याकाळी आईचा फोन. "ताई, ते ती चुकून घेऊन आली हो. ते खेळायचं नाहीये, ते शोकेसमध्ये असतं." मी म्हटलं, मग ते तिचं नाही, तुमचं आहे, तसं तिला सांगायला हवं. पलीकडून जरा वेळानं उत्तर आलं, "अहो, आजीची आठवण आहे."

आजी चांगल्या खणखणीत होत्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच शाळेत आल्या, डबा उघडून एकेक भांडं हातात घेऊन पाहिलं आणि नातीला विचारलं, "द्यायचंय?" ती हो म्हणाली. "मग दे. जातं तेवढं ठेव. त्याचा खुंटा सैल झालाय, बारकं पोर तोंडात घालेल." एवढं बोलून त्या निघाल्या. भातुकली गेली, जातं शोकेसमध्ये परत आलं. मुलीच्या आईनं मला अजून पुरतं माफ केलेलं नाही. पण 'तुझं आहे, तुझं आहे' म्हणून आपण मुलांना जे देतो ते त्यांचं कितपत असतं, हे या आठवड्यात फार लख्ख दिसतं. स्वस्तातलं असेपर्यंत त्यांचं.

साइटवरच्या पाळणाघरांना गांधी जयंतीशी जोडणारा एक धागा आहे, तो मला उशिरा कळला. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, दिल्लीत राजघाटाजवळ शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मजूर बायकांची तान्ही मुलं तिथंच धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर उभं केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था झाली. पुण्यात 'तारा मोबाइल क्रेशेस' हे काम करते, आणि 'डोअर स्टेप स्कूल' 1993 पासून इथल्या साइटवरच्या मुलांना शाळेपर्यंत आणते आहे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात तर स्पष्ट लिहिलं होतं की पन्नासांहून जास्त बायका कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. बालेवाडी-हिंजवडीकडून जाताना उंच क्रेन दिसल्या की मी हल्ली खाली ती खोली शोधत असते.

आमची पेटी जिथं जाते तिथल्या ताईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं: वाटप नको, रांग नको, फोटो नको. पेटी द्या, ती खोलीत राहील. एकेका मुलाच्या हातात खेळणं दिलं तर ते पत्र्याच्या खोलीत ठेवणार कुठं? त्यावरून भांडणं होतात, आणि साइट संपली की कुटुंब दुसरीकडे जातं, तेव्हा भांडी-अंथरुणांत खेळणं मागे राहतं. खोलीत असलं की सगळ्यांचं. शिवाय या मुलांकडे काहीच नसतं अशी आपली जी समजूत असते तीही त्यांनी खोडून काढली. कुणाचा बाप सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारातून रिमोटशिवायची रिमोटची गाडी आणतो. तिला दोरी बांधली की ती चालते.

काही महिन्यांनी एका शनिवारी आमची थोडी मुलं आम्ही तिथं खेळायला नेली. द्यायला काही न्यायचं नाही असं बजावूनच. पत्र्याची लांबट खोली, एका कडेला साडीच्या झोळ्या, त्यात तान्ही झोपलेली, दुसऱ्या कडेला आमची पेटी. मुलं थोडा वेळ नुसती एकमेकांकडे बघत राहिली. मग ठोकळे निघाले. आमच्या मुलांनी घर केलं, चार भिंती आणि वर छप्पर. त्यांच्यातला एक जण, असेल सहा वर्षांचा, नांदेडकडचा, छप्पर उचलून बाजूला ठेवून म्हणाला, "असं नसतंय. आधी सेंट्रिंग लावायचं, मंग सळई, मंग माल टाकायचा." सेंट्रिंगला पट्ट्या आल्या, सळईला आइस्क्रीमच्या काड्या, मालाला बाहेरची वाळू. घमेल्याचं काम भातुकलीतल्या घंगाळानं केलं. अकराव्या मजल्यावर राहणारा आमचा मुलगा मन लावून वाळू वाहत होता. झालं म्हणून तो उठला, तर त्याला पुन्हा खाली बसवलं गेलं. "पाणी मारायचं हाये अजून. पाणी मारल्याबिगर स्लॅब टिकत न्हाई." त्यानं गळ्यातली बाटली काढून अख्खी ओतली. "रोज मारायचं," दुसऱ्यानं सांगितलं. मी तिथं मोठी ताई म्हणून बसले होते, पण त्या तासाला शिकवायला माझ्याकडे काही नव्हतं.

बाहुलीवाली मुलगीही आली होती. तिची बाहुली तिला ओळखायलाच वेळ लागला. केसांना चापून तेल, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, आणि डोक्यावर पिवळ्या प्लास्टिकच्या चेंडूचं अर्धं कवच, हेल्मेट म्हणून. नाव बदललं होतं. "ही मॅडम हाये. सायबासंगं येती, वर बघती," बाहुली सांभाळणाऱ्या मुलीनं सांगितलं. आमचीनं आधी उजवा पाय तपासला. तो शाबूत होता. वेण्यांकडे ती बराच वेळ बघत राहिली, पण त्याबद्दल काही बोलली नाही.

"भात खाते ना?" तिनं विचारलं.

"खाती की. भाजी बी खाती."

परतताना बसमध्ये ती गप्प होती. घरी गेल्यावर मात्र तिनं आईपाशी तक्रार केली म्हणे, की तिथं त्या तिला भाजी खायला लावतात. आईनं तेवढ्यावरून दोन दिवस घरात दुधी खपवला.

यंदा सूचना पाठवण्याआधी मी पाळणाघराच्या ताईंकडून यादीच मागून घेतली. चेंडू, ठोकळे, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, चाकं असलेलं काहीही. पझल पुरं असेल तरच. सेलवर चालणारं काही नको, एकदा संपले की नवे सेल आणायचे कुणी? आणि अस्वलं अजिबात नकोत. ती धुवायला पाणी लागतं, पावसाळ्यात वाळत नाहीत, कुबट वास येतो, आणि धूळ धरली की झोळीतली पोरं शिंकतात. यादी ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांत आधी एका पालकांनी विचारलं, "ताई, मग अस्वलांचं काय करायचं?" त्यांच्या घरी म्हणे पाच आहेत.

मावशींना मी तो मेसेज वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "वाढदिवसाला अस्वल देणं बंद करा म्हणावं आधी." तेवढं मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण गेल्याच महिन्यात माझ्या भाचीला मीच एक दिलंय, चांगलं कमरेएवढं.