शनिवारी प्रॅक्टिस आहे का?

माझ्या फोनमध्ये एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चार मेंबर. डीपीला एका ॲम्पचा फोटो, त्यावर कुणीतरी वडापावचा कागद ठेवलाय. शेवटचा मेसेज जून 2018 मधला. आमच्या बेसवालीने विचारलंय, "शनिवारी प्रॅक्टिस आहे का?" त्याखाली काही नाही. तिघांनीही मेसेज वाचला होता.

आमचा बँड असा फुटला. खरं तर फुटला म्हणायला निदान आवाज तरी व्हायला हवा.

हे सगळं मी विसरले होते, किंवा तसं दाखवत होते. 2021 च्या सुरुवातीला मी बंगळूरची रूम सोडून पुण्याला आईबाबांकडे परत आले होते. दिवसभर लॅपटॉप, रात्रभर फोन. एका रात्री एक रील समोर आलं. एक मुलगी आरशासमोर लिपसिंक करत होती आणि मागे कुणीतरी गात होतं. गात म्हणजे खरं तर बोलत. तेच दोन-तीन शब्द पुन्हा पुन्हा, मध्येच तोडून, मध्येच हसल्यासारखं. लहान मुलीला नवा शब्द सापडावा आणि तिने तो दिवसभर घरभर वाजवत फिरावं, तसं.

मी उठून बसले. कारण मी अशीच गायचे आणि त्यासाठी शिव्या खायचे.

गाण्याचं नाव 'द लीनओव्हर'. बँडचं नाव 'लाइफ विदाउट बिल्डिंग्ज'. गाव ग्लासगो, स्कॉटलंड. गाणं 2000 सालचं. म्हणजे ज्या मुली त्यावर ओठ हलवत होत्या, त्यातल्या बऱ्याच जणींचा तेव्हा जन्मही झाला नसेल. टिकटॉकवर ते 2020 च्या शेवटी आणि 2021 च्या सुरुवातीला प्रचंड फिरलं. आपल्याकडे टिकटॉक जून 2020 मध्येच बंद झालं होतं, त्यामुळे माझ्यापर्यंत ते इन्स्टाच्या आडवाटेने पोचलं.

त्या रात्री मी त्यांचा अल्बम ऐकला. 'एनी अदर सिटी', 2001, दहा गाणी. संपल्यावर पुढचा अल्बम शोधला. पुढचा नव्हताच. सिडनीतल्या ॲनन्डेल हॉटेलमधल्या एका गिगचं रेकॉर्डिंग 2007 मध्ये निघालं, पण तोवर बँड बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. स्टुडिओ अल्बम एकच.

मग जे सापडेल ते वाचत गेले. 1999 मध्ये ग्लासगोत काही मित्र एकत्र जमले. गिटारवर रॉबर्ट जॉन्स्टन, बेसवर ख्रिस इव्हान्स, ड्रम्सवर विल ब्रॅडली. सगळी मंडळी चित्र-शिल्प-गॅलरीच्या जगातली, ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या आसपासची. आधी नुसतंच वाजवत होते, मग सू टॉम्प्किन्सला बोलावलं. ती गायिका नव्हती. चित्रकार होती, शब्द घेऊन काहीतरी करायची. बँडचं नाव त्यांनी 'जपान' नावाच्या ब्रिटिश बँडच्या एका गाण्यावरून उचललं.

त्या काळातल्या ग्लासगोबद्दल वाचताना मला सारखा हेवा वाटत होता. तिथे कलाकारांनी स्वतः चालवलेल्या गॅलऱ्या होत्या. 'ट्रान्समिशन' तर 1983 पासूनची. ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन जमायचं. चित्रकार बँडमध्ये, ड्रमर गॅलरीत. 'द मॉडर्न इन्स्टिट्यूट' ही आज जगभर नाव असलेली गॅलरी सुरू करणाऱ्यांत हाच ड्रमर विल ब्रॅडली होता. त्या गावात बँड काढणं म्हणजे करिअर निवडणं नव्हतं. आज काय करायचं, याचं ते एक उत्तर होतं.

आणि तरीही बँड चांगलाच उचलला गेला. 'रफ ट्रेड'च्या 'टगबोट' या छोट्या लेबलने त्यांना घेतलं, सिंगल आली, अल्बम आला, दौरे झाले. सूचा आवाज काहींना वेड लावून गेला, काहींच्या डोक्यात गेला. मधलं कुणीच नव्हतं.

हे मला नीट कळतं. आम्ही वारज्यात, ड्रमरच्या घरातल्या मागच्या खोलीत वाजवायचो. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. ते अंडा-भुर्जीच्या गाडीवाल्या काकांकडून रोज थोडे-थोडे जमवले होते. आवाज थांबायचा नाहीच, पण खालच्या मजल्यावरच्या काकूंना आम्ही प्रयत्न केला एवढं तरी दिसायचं. गाणी मराठीत होती आणि ती मी लिहायचे. लिहायचे म्हणजे, पीएमटीत ऐकलेली वाक्यं, पाट्या, आईचे फोनवरचे तुकडे वहीत उतरवायचे आणि मग माइकसमोर त्यांची भेळ करायचे. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "बेटा, बँड छान आहे, तू आधी गाणं शिकून ये." हॉलमध्ये हशा पिकला. परतताना रिक्षात बेसवाली म्हणाली, "अगं, ते गाणं शिकून आलेत, म्हणून त्यांना ऐकू येत नाही." ते वाक्य मी वर्षभर चघळलं.

त्यामुळे रात्री दोन वाजता सू टॉम्प्किन्स ऐकताना मला पहिल्यांदा आनंद नाही, राग आला. ही बाई मला 2016 मध्ये का नाही भेटली?

दुसरा राग तिच्यावरच आला. 2002 च्या सुमारास बँड थांबला. ना भांडण, ना व्यसन, ना कोर्टकचेरी. सूला आपल्या चित्रकलेकडे पूर्ण लक्ष द्यायचं होतं. बाकीच्यांनी तिच्या जागी दुसरी आणली नाही. संपलं. आणि त्याच गावात, त्याच वर्षी, 'फ्रान्झ फर्डिनांड' नावाचा बँड सुरू झाला. त्यांचं वर्तुळही असंच आर्ट स्कूलच्या आसपासचं. 2004 मध्ये त्यांना मर्क्युरी प्राइझ मिळालं, जगभर गाणी वाजली. म्हणजे दार उघडायच्या बेतात असताना ही मंडळी घरी गेली!

इंटरनेटवर त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं त्याचा सूर बहुतेक असाच असतो: अरेरे, अजून थोडं थांबले असते तर. मीही बरेच दिवस असंच म्हणत होते. मग सूने पुढे काय केलं ते पाहायला लागले. ती टाइपरायटरवर शब्द टाइप करते. पातळ कागदावर, घड्या घातलेल्या, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून. शब्द पुन्हा पुन्हा येतात, अडखळतात, तुटतात. ते कागद गॅलरीत लागतात. कधी ती कागदांचा गठ्ठा हातात घेऊन लोकांसमोर उभी राहते आणि वाचते, जागच्या जागी झुलत. तिच्या एका वाचनाचा व्हिडिओ पाहिला आणि माझं 'अरेरे' गळून पडलं. ती काही सोडून गेलीच नव्हती. जे बँडच्या आधी करत होती तेच बँडमध्ये केलं, तेच नंतर केलं. मधली तीन वर्षं सोबत गिटार, बेस आणि ड्रम्स होते, एवढंच.

2014 मध्ये अल्बम पुन्हा व्हाय्नलवर आला, 2021 मध्ये फोनवर आला. दोन्ही वेळा बँड परत आला नाही. मला ते आता बरोबर वाटतं.

इथे थांबले असते तर लेख सोपा झाला असता. बँड तुटणं म्हणजे अपयश नव्हे, एक अल्बमही पुरतो, वगैरे. सूच्या बाबतीत ते खरं आहे. माझ्या बाबतीत नाही, आणि ते मला तिच्यामुळेच कळलं.

जून 2018 मध्ये मला बंगळूरची ऑफर आली होती. मेल येऊन आठ दिवस झाले होते. घरी पेढे वाटून झाले होते. बँडमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. "शनिवारी प्रॅक्टिस आहे का?" हा मेसेज आला तेव्हा मी सुटकेस घ्यायला लक्ष्मी रोडवर उभी होते. मी तो वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला. रात्री उत्तर देऊ म्हटलं. गिटारवाला आणि ड्रमर बहुतेक माझ्या उत्तराची वाट बघत गप्प राहिले, कारण शनिवार नेहमी मीच ठरवायचे. बेसवालीला माझी नोकरी आठवड्याभराने लिंक्डइनवर कळली.

आणि मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते की काय करणार, पुण्यात सीनच नाही, जागा नाही, मराठी रॉक कोण ऐकतं. हे सगळं खरंही आहे. पण आमचा बँड सीनमुळे संपला नाही. गाणारीने एक वाक्य बोलायचं टाळलं म्हणून संपला. आणि सूसारखं मी दुसऱ्या रूपात तेच काम करत राहिले का? तर नाही. ती वही बंगळूरला नेलीच नव्हती.

मागच्या महिन्यात वही सापडली. माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाखाली. त्या रात्री मी ग्रुप उघडला आणि लिहिलं, "नाही. मला नोकरी लागली होती आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी होती. सॉरी."

गिटारवाल्याच्या नावापुढे एकच टिक आहे, त्याचा नंबर बदलला असावा. ड्रमरने अर्ध्या तासात रिप्लाय केला, "आईने मागच्या वर्षी ट्रे काढले. भिंतीला अजून डाग आहेत." आणि पुढे एक हसणारा चेहरा.

बेसवालीने वाचलंय. अजून काही लिहिलेलं नाही. घाई नाही. मी तिला सहा वर्षांहून जास्त थांबवलं होतं.

दरम्यान वहीत रोज एक पान लिहिते आहे. काल बसमध्ये मागच्या सीटवरच्या आजी फोनवर तेच चार शब्द सलग सात वेळा म्हणाल्या. मी मोजले आणि उतरवून घेतले.