फाट्यांचं कोकण, काठाचं कोकण

कोकणात गाव असलेल्या माणसाला कोकण ठाऊक असतं, असं आम्ही मीरा रोडच्या शांती नगरातले चाकरमानी धरून चालतो. शिमगा, मे महिना, गणपती... गावाची वाट चुकत नाही. माझं गाव गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर. यंदा मात्र नुसतं गावाला जायचं नाही, रेवस ते रेडी सगळा किनारा गाडीने पाहायचा, असं ठरवलं. नकाशा पुढ्यात घेतला आणि लक्षात आलं, की आपल्याला ठाऊक आहे तो महामार्ग आणि त्याला फुटलेला आपला एकुलता एक फाटा.

हे खूळ डोक्यात घातलं कॅलिफोर्नियातल्या भाच्याने. तोही पहिल्यांदाच एवढ्या लांब गाडी काढतोय. तिथला एक नंबरचा राज्य महामार्ग सुमारे साडेदहाशे किलोमीटर समुद्राच्या कडेकडेने जातो. बिग सरच्या कड्यांतून तो 1937 साली आरपार झाला. 2017 साली मड क्रीकला डोंगर खाली आला, तेव्हा तिथली वाहतूक वर्षाहून अधिक काळ बंद होती. म्हणून भाचा हॉटेल बघायच्या आधी रस्ता चालू आहे का ते बघतो. फोनवर म्हणाला, "मामा, इकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला यायचं. समुद्र आपल्या लेनला लागून राहतो."

आपण डावीकडून चालवतो आणि समुद्र पश्चिमेला. म्हणजे आपल्याला रेडीहून वर यायला हवं. आधी महामार्गाने थेट सावंतवाडी गाठायची आणि मग वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी असं काठाने घराकडे सरकायचं. बायकोला हे पटलं, कारण दमायला होईल तेव्हा घर जवळ आलेलं असेल.

खरी अडचण पुढे आली. मुंबई–गोवा महामार्ग आणि 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे, दोन्ही समुद्राला बऱ्याच अंतरावर ठेवून जातात. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या लांबीला थोड्या, पण मुखाशी ऐसपैस. सावित्री महाडला ओलांडता येते, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला. खाली बाणकोट, दाभोळ, जयगडला त्यांच्या रुंद खाड्या होतात. रस्ता बांधणाऱ्यांनी सोयीची जागा धरली आणि किनाऱ्यावरच्या गावांना एकेक फाटा दिला. फणीच्या दात्यांसारखे हे फाटे एका बाजूला जोडलेले, दुसऱ्या बाजूला सुटे. पिढ्यानपिढ्या आम्ही आपापल्या दात्यावरून खालीवर केलं. शेजारच्या दात्यावर काय आहे, ते पाण्यापलीकडून पाहिलं.

आमच्याकडून दाभोळ असंच दिसायचं. आदिलशाहीतली मशीद, बंदर, रात्रीचे दिवे. होडीने माणूस पलीकडे जाई. गाडीने जायचं तर चिपळूणचा वळसा. 2003 साली धोपावे–दाभोळ फेरीबोट सुरू झाली आणि गाडीसकट काही मिनिटांत उतरता येऊ लागलं. तरी आमच्या घरातलं कुणी सहज म्हणून दापोलीला गेल्याचं आठवत नाही. गावाला जाणं म्हणजे घरी जाणं. वाटेत शेजारी बसत नव्हते.

त्यामुळे आमच्या नियोजनाच्या वहीत पहिलं पान पेट्रोलचं नाही, बोटींचं आहे. जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेसवी ते बागमांडला, दिघी ते आगरदांडा. शेवटची बोट किती वाजता सुटते, यावर मुक्काम कुठे पडणार ते ठरतं. बोट चुकली, तर समोर दिसणाऱ्या गावात झोपायला उद्याच जायचं.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं बोलणं चालू आहे. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने खाड्यांवरचे पूल हाती घेतलेत. ते व्हायच्या आत आपली सफर उरकावी, असं मनात आलं. पण हे बोटीची मजा घ्यायला निघालेल्याचं म्हणणं झालं. रात्री शेवटची बोट गेल्यावर बाळंतीण घेऊन निघालेल्या घरापुढे हे बोलून दाखवायची माझी छाती नाही. अमेरिकेतच, ओरेगनच्या किनाऱ्यावर, मोठ्या खाड्यांवर गाड्या बोटीनेच जात. 1936 साली कॉन्डी मॅकलॉ या अभियंत्याने आखलेले पाच मोठे पूल खुले झाले आणि त्या बोटी थांबल्या. आज लोक ते पूल पाहायला जातात. थांबणं संपलं म्हणून किनारा संपला नाही. प्रवाशाला आवडणारी अडचण आणि रहिवाशाला सोसावी लागणारी अडचण एकच असते. ती राहावी की जावी, हे ठरवण्याचा पहिला हक्क रहिवाशाचा.

वहीत बोटींची यादी उत्तरेकडे वाढवत नेली, तेव्हा तिचं शेवटचं नाव आमच्या दाराशीच निघालं. भाईंदर ते वसई रो-रो फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. पलीकडे चिमाजी अप्पांनी 1739 साली जिंकलेला वसईचा किल्ला आणि अलीकडे आम्ही, मध्ये तीच खाडी, तोच वरसावे पुलाचा वळसा. मीरा रोडला राहून आम्ही कोकण सुटल्याचं समजत होतो आणि इथेही एका फाट्यावरच राहत होतो, विरार लोकलच्या. म्हणून रेडीला निघण्याआधी येत्या रविवारी गाडी भाईंदरच्या जेट्टीवर न्यायची, वसईत जेवायचं आणि संध्याकाळच्या बोटीने परतायचं. बायकोने तिची वेळ विचारूनसुद्धा ठेवली आहे.