पहिलं पाऊल कोणाचं?



भाचीचा मुलगा शिकायला एडिंबरोला आहे. ३१ डिसेंबरला त्याचा फोन आला. स्कॉटलंडमध्ये या रात्रीला ‘हॉगमने’ म्हणतात. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. त्याआधी कित्येक पिढ्या हाच मोठा सण. त्या दिवशी घर झाडायचं, चुलीतली राख बाहेर टाकायची, देणी फेडायची. बाराचे ठोके पडल्यावर उंबरठा ओलांडणारा पहिला पाहुणा म्हणजे ‘फर्स्ट फूट’. तो उंच, काळ्या केसांचा पुरुष असला तर वर्ष चांगलं. घरात ऊब राहावी म्हणून तो कोळसा आणतो, शिवाय मीठ, बिस्किटं आणि व्हिस्की. व्हिस्की सोडली तर मला सगळं घरचंच वाटलं!

आपलं नवं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. त्याआधी आपलीही साफसफाई, जुनी देणी मिटवून चोपडापूजन, आणि पहाटे दारात ‘सबरस’, म्हणजे मीठ. पालघरला आमच्या गल्लीत पोरं ताटलीत मीठ घेऊन “सबरस, सबरस” ओरडत यायची. एरवी भाजीवाल्याशी पैशापैशासाठी भांडणाऱ्या सासूबाई त्या दिवशी मूठभर मिठाला मागतील तेवढे पैसे द्यायच्या.

मग तो म्हणाला, “मावशीआजी, लाल केसांचा माणूस किंवा बाई पहिली आली तर अपशकुन मानायचे.” मी हसले. फोन ठेवला आणि हसू गेलं. वन्सं आठवल्या.

माझ्या थोरल्या नणंदबाई बोईसरला राहायच्या. चौतिसाव्या वर्षी त्यांचे यजमान गेले. पाडव्याला पहाटेच्या गाडीने त्या पालघरला यायच्या, पण आधी देरासरात बसून राहायच्या. गल्लीतल्या दोन-चार सवाष्णी आमच्याकडे येऊन गेल्या की मग त्या दाराशी. कोणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं. मी बी.कॉम. झालेली, दुकानाची खतावणी लिहिणारी. तरी पंधरा वर्षं बघत गप्प राहिले.

एका वर्षी देरासरात गौतमस्वामींचा रास ऐकताना वन्सं शेजारी होत्या. गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अमावास्येच्या रात्री पावापुरीला भगवान महावीरांचं निर्वाण झालं. गौतमस्वामी तेव्हा जवळ नव्हते. कळल्यावर ते लहान मुलासारखे रडले. रडता रडता मोह सुटला आणि पहाटे केवलज्ञान झालं. तीच आपल्या वर्षाची पहिली पहाट. म्हणजे जिवलग गेल्याच्या दुःखातून जो आला, त्याच्या नावाने आपण वर्ष सुरू करतो, चोपड्याच्या पहिल्या पानावर त्याचंच नाव लिहितो. आणि वन्संना मात्र बाहेर थांबवतो?

मी त्यांना उठवलं. वाटेत सबरस घेतलं, त्यांच्याच हातात दिलं आणि दाराशी मी मागे थांबले. त्या उंबरठ्याशी घुटमळल्या. मग आत गेल्या. सासूबाईंनी ताटली घेतली, पण दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या वर्षाचा ताळेबंद मीच मांडला. नफा दरवर्षीएवढाच होता.

आपलं कर्म आपण भोगतो असं मानणाऱ्यांनी दुसऱ्याच्या पावलात शकुन शोधावा, हा हिशोब जुळत नाही. वन्सं आता नाहीत. त्या पंधरा पाडव्यांचं देणं माझ्या खात्यावर तसंच आहे.

वन्सं, मिच्छामि दुक्कडं.